यादी करण्याआधी : संघर्षग्रस्त देशातील मुलांसाठी गावपातळीवरचे काम

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. संघर्षातून जात असलेल्या किंवा नुकत्याच त्यातून बाहेर पडलेल्या देशातील मुलांसाठी तुमची संस्था काम सुरू करू पाहते आहे. त्यासाठी ‘बाधित’ मुलांची यादी कशी मिळवावी, त्या मुलांसाठी वसतिगृह काढावे की शिष्यवृत्ती द्यावी, आणि देणगीदारांना दाखवता येईल असा परिणाम किती दिवसांत दिसू लागतो, असे तुम्ही विचारले आहे. देशाचे नाव तुम्ही कळवलेले नाही. मी स्वतः संघर्षाच्या अखेरच्या वर्षांत आणि त्यानंतर पश्चिम नेपाळात, मुख्यतः दांग, रोल्पा आणि बर्दिया या जिल्ह्यांत काम केले. त्यामुळे उत्तर तिथल्या अनुभवावरूनच देतो. तुमचा देश वेगळा असेल, तर गावांची आणि समित्यांची नावे बदलतील. प्रश्न फारसे बदलणार नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला कदाचित रुचणार नाही. यादी करू नका. निदान पहिले वर्षभर तरी करू नका. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे याच उत्तरातून निघतात, म्हणून त्याची कारणे आधी सविस्तर सांगतो.

नेपाळातील सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातील सशस्त्र संघर्ष १३ फेब्रुवारी १९९६ रोजी रोल्पा, रुकुम, गोरखा आणि सिंधुली या जिल्ह्यांतील हल्ल्यांनी सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने थांबला. या काळात १३,००० ते १७,००० माणसे मारली गेली, असे निरनिराळे अंदाज सांगतात. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन सैन्य उतरले आणि गावांची कोंडी वाढली. ग्राम विकास समित्यांचे सचिव जीव वाचवण्यासाठी जिल्ह्याच्या मुख्यालयी येऊन राहिले, त्यामुळे गावात सरकार म्हणून दिसणारे माणूस उरले ते शिक्षक आणि आरोग्य स्वयंसेविका एवढेच. दिवसा एका बाजूची गस्त येई आणि रात्री दुसऱ्या बाजूचे लोक जेवण आणि मुक्काम मागत. शाळांतून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तुकड्यातुकड्यांनी राजकीय शिबिरांसाठी नेले जाई. बहुतेक जण काही दिवसांनी परत येत, काही येत नसत. आणि जो परत येई तो पुढे दुसऱ्या बाजूच्या संशयाचा विषय होई. लढणाऱ्यांबरोबर गेलेली सगळी मुले बंदूक घेऊन लढत होती असे मुळीच नव्हते. कोणी ओझी वाहत होते, कोणी निरोप पोचवत होते, कोणी स्वयंपाकाला होते, कोणी पहाऱ्याला, तर कोणी सांस्कृतिक पथकात गाणी म्हणत होते.

अशा गावात वहीवर लिहिलेले नाव म्हणजे काय, हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो. आमच्या एका स्थानिक सहकाऱ्याच्या पिशवीत अकरा मुलांची नावे लिहिलेली वही होती. त्यांपैकी प्रत्येकाच्या नावापुढे वडील नाहीत एवढीच नोंद होती. वाटेतल्या एका तपासणीत ती वही उघडली गेली आणि प्रश्न आला की या अकरा जणांचे वडील कशामुळे नाहीत, कोणाच्या हातून गेले, आणि ते तुला कसे ठाऊक. सहकारी संध्याकाळपर्यंत सुटला. परंतु पुढचे दोन आठवडे त्या अकरा घरांत रात्री दिवा लागला नाही, कारण आपले नाव कोणाकडे गेले ते त्यांना कळेना. त्या मुलांना दप्तरे द्यावीत एवढाच आमचा हेतू होता, आणि त्या हेतूत काही खोट नव्हती. चूक होती ती नावांपुढे कारण लिहिण्यात, आणि तो कागद गावाबाहेर नेण्यात. तेव्हापासून आम्ही नियम केला की मुलाचे नाव आणि त्याच्यावर काय गुदरले याची नोंद, या दोन गोष्टी एका कागदावर कधीही यायच्या नाहीत.

हा झाला चालू संघर्षातला धोका. संघर्ष संपल्यावर तो जातो, असे आम्हांला वाटत होते; प्रत्यक्षात त्याने फक्त वेश बदलला.

शांतता करारानंतर माओवादी लढवय्यांना सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत ठेवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने पडताळणी करून १९,६०२ जणांना लढवय्ये म्हणून मान्यता दिली आणि ४,००८ जणांना या यादीतून वगळले. या ४,००८ पैकी २,९७३ जण पडताळणीसाठी ठरवलेल्या तारखेला, म्हणजे २५ मे २००६ या दिवशी, अठरा वर्षांखालील होते. उरलेले त्या तारखेनंतर भरती झालेले होते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या दृष्टीने ही पडताळणी योग्यच होती, कारण सशस्त्र गटाने भरती केलेल्या अल्पवयीनांना लढवय्ये म्हणून मान्यता देता येत नाही. परंतु त्यांची सुटका लगेच झाली नाही. वाटाघाटी रेंगाळल्या, कृती आराखड्यावर डिसेंबर २००९ मध्ये सह्या झाल्या आणि जानेवारी–फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांना छावण्यांतून निरोप देण्यात आला. मधल्या तीन वर्षांत बहुतेक जण सज्ञान झालेले होते.

आणि या वगळलेल्यांच्या यादीतील मुलांना नेपाळीत जो शब्द लागला तो होता ‘अयोग्य’. ‘अयोग्य लडाकू’. मराठी माणसाला या शब्दाचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. जे मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी घरातून गेले, ज्याने ओझी वाहिली, ज्याने सोबत्यांना मरताना पाहिले, त्याला शेवटी सरकारी शिक्क्याने सांगितले गेले की तू अयोग्य आहेस. कायद्याने हा शब्द त्याच्या वयाविषयी वापरला होता. गावाने तो त्याच्याविषयी ऐकला, आणि त्याने स्वतःही. पुढे २०१२ च्या सुमारास स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्या मान्यताप्राप्त लढवय्यांना दर्जानुसार पाच ते आठ लाख नेपाळी रुपयांचे धनादेश मिळाले. ‘अयोग्य’ ठरलेल्यांसमोर मात्र शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, लहान उद्योग आणि आरोग्यविषयक प्रशिक्षण असे पर्याय ठेवण्यात आले होते. ते पर्याय वाईट नव्हते. प्रशिक्षण केंद्रांवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठी पाळणाघराची आणि गरोदर मुलींसाठी आहाराची सोय करण्याइतकी दूरदृष्टीही त्यांत होती. पण शिवणकामाचे प्रशिक्षण घेण्यासाठी आधी ‘मी त्या यादीतला’ असे सांगत दारात उभे राहावे लागे. अनेकांनी ते टाळले. ज्यांनी टाळले नाही त्यांच्यापैकी काही जण स्वतःला ‘बहिर्गमित’ म्हणवून घेऊ लागले, म्हणजे बाहेर काढलेले, आणि तो डाग पुसला जावा यासाठी त्यांचे आंदोलन पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले.

याच्या उलट, औपचारिक पडताळणीपूर्वीच आणि त्याबाहेरही हजारो मुले गुपचूप घरी परतली होती. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांपुढे अधिकृत यादीच नव्हती, आणि माझ्या मते हीच त्यांची जमेची बाजू ठरली. त्यांना शाळेशी, पालकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलत-बोलत काम करावे लागले. एखाद्या मुलाची फी भरायची तर त्याच वर्गातल्या दलित मुलीची आणि पंगू बापाच्या मुलाचीही भरावी लागे, म्हणजे कोणाला कशासाठी मिळाले हे बाहेर दिसत नसे. फेब्रुवारी २००७ मध्ये मान्य झालेली पॅरिस तत्त्वे हेच सांगतात: सशस्त्र गटांतून परतलेल्या मुलांना मदत देताना ती त्या भागातील इतर गरजू मुलांनाही सामावणारी असावी. सिएरा लिओनमध्ये २००० नंतरच्या काळात, जी शाळा परतलेल्या मुलांना दाखल करून घेई त्या संपूर्ण शाळेला साहित्य देण्याची पद्धत होती. मुलाच्या मागे शाळेला काही मिळते, म्हणून शाळा आणि वर्गसोबती त्याच्या येण्याकडे ओझे म्हणून पाहत नसत. मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील शिष्यवृत्तीपेक्षा ही रीत कितीतरी पटीने शहाणपणाची वाटते.

मुलांच्या मनावरील परिणामांचा मुद्दा इथेच घ्यावा लागेल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेपाळातील १४१ पूर्वाश्रमीच्या बालसैनिकांची तितक्याच, परंतु कधीही भरती न झालेल्या मुलांशी तुलना करण्यात आली. दोन्ही गटांनी पाहिलेल्या-भोगलेल्या प्रसंगांचा हिशेब वजा केल्यावर चिंता आणि दैनंदिन कामातील अडचणी यांबाबत मोठा फरक उरला नाही, मात्र नैराश्य आणि आघातोत्तर ताण परतलेल्या मुलांमध्ये अधिकच राहिला, आणि त्यातही मुलींमध्ये तो ठळक होता. याचे एक कारण मला गावात रोज दिसे. मुलगा परतला तर चार दिवस कुजबुज होऊन विसरली जाई. मुलगी परतली तर ती कोणाबरोबर राहिली, कोणाच्या हातचे जेवली, पक्षात तिचे परजातीच्या मुलाशी लग्न लावले गेले होते काय, हे प्रश्न पाणवठ्यावर संपतच नसत. तिच्यावर जे बेतले त्यातला अर्धा भाग जंगलात घडला होता आणि अर्धा घरी आल्यावर घडत होता. या दुसऱ्या अर्ध्या भागावर समुपदेशकाचा काही इलाज चालत नाही; तो गावानेच करावा लागतो.

समुपदेशन नकोच असे मी म्हणत नाही, पण ते कोणत्या शब्दांत सांगता याकडे लक्ष द्या. नेपाळीत ‘दिमाग’ बिघडला असे म्हटले की ते वेड ठरते आणि साऱ्या घराला बट्टा लागतो. ‘मन’ दुखले असे म्हटले की शेजारीण जवळ येऊन बसते. आपल्याकडेही डोके फिरणे आणि मन भरून येणे यांत हाच फरक आहे, त्यामुळे मराठी कार्यकर्त्याला ही गोष्ट पटकन समजायला हवी. तरीही आमच्या पहिल्या पत्रकात शहरातून आलेल्या मजकुरानुसार ‘मानसिक रोग’ हे शब्द छापले गेले होते आणि शिबिराला एकही मूल आले नाही. दुसऱ्या खेपेस आमा समूहाच्या, म्हणजे आयांच्या गटाच्या, बैठकीत ‘मनको कुरा’, मनातल्या गोष्टी, एवढेच म्हटले आणि पडवीत बसायला जागा उरली नाही. अर्थात त्या दिवशी फारसे कोणी बोलले नाही. बायका मका सोलत बसल्या. बोलणे तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून सुरू झाले.

आता यादी करायची नाही, तर करायचे काय?

गावात आधीपासून काय आहे ते पाहा. बाहेरून येणाऱ्या संस्थेला संघर्षग्रस्त गाव म्हणजे मोडून पडलेले गाव वाटते, आणि ती लगेच नवी समिती स्थापन करते. पश्चिम नेपाळात मला जे दिसले ते वेगळे होते. सरकार गावातून उठून गेले होते, पण १९९३ च्या वन कायद्याने उभे राहिलेले सामुदायिक वन उपभोक्ता समूह बऱ्याच ठिकाणी बैठका घेत होते, गवत आणि सरपण वाटून देत होते, दंड वसूल करत होते. महिला आरोग्य स्वयंसेविका जीवनसत्त्व ‘अ’ ची मात्रा घरोघरी देत होत्या आणि दोन्ही बाजू त्यांना सहसा अडवत नसत. २००१ च्या कायदादुरुस्तीनंतर पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समित्या होत्या. बर्दियातील थारू या आदिवासी समाजाच्या गावांत बडघर, म्हणजे गावाने निवडलेला प्रमुख, होता. त्यालाच दांगमध्ये मटावाँ म्हणतात. कालव्याच्या दुरुस्तीला प्रत्येक घरातून माणूस काढण्याचा अधिकार गावाने त्याला दिलेला असे. या प्रत्येक व्यवस्थेत दोष होते. वन समूहात वरच्या जातींचे पारडे जड असे, बडघर बहुधा पुरुषच असे, शाळा समितीचा अध्यक्ष कधीकधी कोणत्या ना कोणत्या पक्षाचा माणूस असे. तरीही या व्यवस्था लोकांच्या होत्या, आणि त्या आपले निर्णय लोकांसमोर घेत.

पहिले काही महिने या बैठकांना फक्त जाऊन बसा. कोणती गोष्ट गावाला जोडते आणि कोणती तोडते, हे त्यांतूनच कळते. आमच्या एका गावात पाण्याच्या नळावरून दोन वाड्यांचे भांडण होते आणि ते भांडणच पुढे दोन राजकीय बाजूंचे झाले होते. बाहेरच्याला ते विचारसरणीचे वाटले असते. तिथे मुलांसाठी आम्ही केलेले पहिले काम म्हणजे वरच्या वाडीकडे एक जादा टाकी. मुलांच्या नावाने आलेल्या निधीतून टाकी का बांधली, असे कार्यालयातून विचारणा झाली. उत्तर सोपे होते. पाणी आणायला रोज दोन तास जाणाऱ्या मुली त्या टाकीनंतर शाळेच्या पहिल्या तासाला हजर राहू लागल्या, आणि नळावर एकमेकींना दगड मारणाऱ्या बायका एका टाकीच्या देखभालीचे पैसे एकत्र गोळा करू लागल्या.

शाळेचा विषय मात्र थेट हाती घ्यावाच लागतो. बालकांना आणि शाळांना शांतता क्षेत्र मानावे, ही मोहीम नेपाळात २००३ च्या सुमारास संघटितपणे उभी राहिली आणि २०११ मध्ये सरकारने त्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा असा: शाळेच्या आवारात शस्त्र नाही, गणवेशातला सशस्त्र माणूस नाही, पक्षाची सभा नाही, आणि बंदच्या दिवशीही वर्ग भरतील. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात हे नियम ज्या गावांत पाळले गेले तिथे ते संस्थेने मिळवलेले नव्हते, तर पालकांनी मिळवलेले होते. दोन्ही बाजूंशी बोलायला गेलेल्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक, एक बडघर, दोन आया आणि एक वन समूहाची अध्यक्षा असे लोक होते. आम्ही फक्त चहाचा आणि बसचा खर्च दिला, आणि जाणीवपूर्वक मागे राहिलो. बाहेरच्या संस्थेने अशी बोलणी केली की संस्था निघून जाताच करार संपतो; गावातील माणसाने केली तर मोडणाऱ्याला उद्या त्याच्याच दारावरून जावे लागते. करारातील नियम शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवणे मात्र विसरू नका. तोंडी शब्दापेक्षा रंगवलेला शब्द मोडायला लोक अधिक कचरतात.

आणखी एक काम, जे कोणत्याही माहितीपत्रकात उठून दिसत नाही, पण माझ्या लेखी सर्वांत वरचे आहे, ते म्हणजे जन्मनोंदणीचे. सचिव गावात नसल्याने संघर्षाच्या काळात कित्येक मुलांचा जन्म नोंदवलाच गेला नाही. पस्तीस दिवसांत नोंद विनाशुल्क होते, नंतर दंड आणि कागदपत्रे लागतात. आणि वडील बेपत्ता असतील तर आईने वडिलांचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणायचे कोठून? बर्दियात बेपत्ता झालेल्यांची संख्या देशात सर्वाधिक होती आणि त्यांत थारू समाजाची माणसे फार मोठ्या प्रमाणात होती. त्या बायका ना विधवा ना सधवा अशा अवस्थेत होत्या. नवरा मेला असे लिहून द्यावे तर मन मानत नाही, सासरचे दोष देतात; न द्यावे तर जमीन, कागद आणि मुलांचे हक्क अडतात. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०१० मध्ये बर्दियातून ‘हातेमालो’ या नावाने, म्हणजे हातात हात धरून, या कुटुंबांना सोबत देणारा कार्यक्रम सुरू केला. त्यात बायकांचे गट एकत्र बसत, आठवणी सांगत आणि कायदेशीर बाबींत मदत घेत. आमच्या लहान संस्थेने एवढेच केले की महिन्यातून एकदा संबंधित कारकुनाला गावात यायला लावले आणि त्या दिवशी सगळ्यांच्याच मुलांची नोंद करून घेतली: बेपत्ताच्या, सैनिकाच्या, माओवाद्याच्या, आणि ज्याला केवळ आळसामुळे नोंद करायची राहिली होती त्याच्याही. रांगेत उभे राहिल्यावर कोण कशामुळे आले ते कळत नव्हते. ही रांगच आमची यादी होती, असे म्हणा.

आता वसतिगृहाविषयी. तुमच्या विश्वस्तांना वसतिगृह आवडते, कारण ते डोळ्यांना दिसते आणि दारावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. मी त्याच्या स्पष्ट विरोधात आहे. संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी पालकांकडून पैसे घेऊन मुले काठमांडूला नेली; शिकवू, सांभाळू, असे सांगितले आणि बालगृहांत ‘अनाथ’ म्हणून ठेवले. पालकांनी जमीन किंवा गुरे विकून ते पैसे उभे केले होते, कारण मूल गावात राहिले तर भरती होईल ही भीती खरी होती. पुढे झालेल्या पाहण्यांत नेपाळातील बालगृहांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांना आई-वडिलांपैकी किमान एक जण असल्याचे दिसून आले. भलेपणाने दिलेला पैसा तिथे ‘अनाथ’ मुलांची मागणी निर्माण करत होता. तुमचे वसतिगृह प्रामाणिक असेल, यात मला शंका नाही. पण ते उघडताच आसपासच्या दहा गावांतील पालकांपुढे प्रश्न उभा राहील की मूल जवळ ठेवावे की त्याला पोटभर जेवण आणि इंग्रजी शाळा द्यावी. हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सुदूर पश्चिमेकडील कुटुंबांपुढे तर आणखी एक वाट होती, ती तुमच्या-माझ्या दारापर्यंत येते. अछाम, बझांग, डोटी या भागांतून मुंबई-पुण्याला कामाला येण्याची परंपरा जुनी आहे, आणि संघर्षाच्या वर्षांत भरतीच्या वयाची मुलेही बापाच्या किंवा काकाच्या मागोमाग आली. तुमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत राहणारे वॉचमनचे कुटुंब कदाचित त्याच लाटेतले असेल. त्यांच्या मुलाला जवळच्या महापालिकेच्या शाळेत दाखला मिळवून देणे, हेही संघर्षग्रस्त देशातील मुलांसाठीचेच काम आहे, आणि त्याला पारपत्र लागत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तुमच्या संस्थेने इथूनच सुरुवात केली तर भाषा कळेल, घरचे पत्ते कळतील आणि मग गावी जाताना कोणाच्या तरी ओळखीने जाता येईल.

वसतिगृहाला पर्याय म्हणजे शाळा मुलाजवळ नेणे. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात २००७ मध्ये ३१ गावांचा एक काटेकोर अभ्यास झाला. काही गावांत गावच्याच घरात किंवा मशिदीत वर्ग सुरू करण्यात आले आणि इतर गावांत ते एक वर्षाने सुरू झाले. वर्ग असलेल्या गावांत मुलगे-मुली मिळून शाळेत जाण्याचे प्रमाण ४० हून अधिक टक्केबिंदूंनी वाढले, एकट्या मुलींचे ५० हून अधिक टक्केबिंदूंनी. शाळा एक मैल दूर गेली की मुलग्यांपेक्षा मुलींची गळती जास्त होते, हेही त्यात दिसले. गावातले चार शिकलेले जण शिक्षक म्हणून नेमले, पाठ्यपुस्तके सरकारी ठेवली आणि जागा गावाने दिली, तर त्याचा खर्च इमारतीच्या मानाने किरकोळ येतो. पुढे सरकारी शाळा त्या मुलांना कोणत्या इयत्तेत घेईल, हे मात्र पहिल्या दिवसापूर्वी शिक्षण कार्यालयाशी लेखी ठरवून घ्या, नाहीतर तीन वर्षे शिकलेले मूल पुन्हा पहिलीत बसवले जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. सार्वजनिक न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च करायचा असेल तर प्राप्तिकराच्या सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मान्यतेचा प्रश्न येतो. सनदी लेखापालाशी आधी बोला. नेपाळात काम करणाऱ्या परदेशी संस्थेला समाज कल्याण परिषदेशी करार करावा लागतो. पर्यटकाच्या नात्याने जाऊन गावात पैसे वाटणे बेकायदा तर आहेच, शिवाय ज्यांना ते मिळाले त्यांना पुढे जाब द्यावा लागतो.

परिणाम किती दिवसांत दिसेल? पहिल्या वर्षी दाखवण्यासारखे काही नसेल. दुसऱ्या वर्षी शाळेचा हजेरीपट पाहा, आणि तो फक्त ‘बाधित’ मुलांचा नव्हे तर सगळ्या वर्गाचा पाहा. विशेषतः भातलावणीच्या आठवड्यांतली मुलींची हजेरी. बैठकीत दलित बायका येतात का, आल्यास बसतात कोठे, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यापैकी कोणी बोलते का, याची टिपणे ठेवा. मोजायला सोपे आहे म्हणून वाटलेली दप्तरे मोजू नका.

हिशेब मात्र गावासमोर मांडा. नेपाळात याला सार्वजनिक लेखापरीक्षण म्हणतात. संघर्षाच्या काळात तर त्यावरच काम टिकले, कारण पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे दोन्ही बाजूंना फलकावर वाचता येत असे. मग वर्गणी मागायला आलेल्याला समितीच सांगू शके की सिमेंटच्या इतक्या गोण्या आल्या, इतक्या लागल्या, यात देण्यासारखे काही उरलेले नाही. दरवेळी ऐकले गेले असे नाही. पण फलक नसलेल्या कामांपेक्षा फलक असलेली कामे अधिक वेळा पूर्ण झाली, हे मी पाहिले आहे.

राहिला फोटोंचा प्रश्न. देणगीदार मुलांचे चेहरे मागतात, आणि नावासकट मागतात. आम्ही एका वर्षी ठामपणे नकार दिला आणि त्याऐवजी शाळेच्या भिंतीवरील हिशेबाच्या फलकाचा फोटो पाठवला. एका देणगीदाराने पुढच्या वर्षी निधी थांबवला. दुसऱ्याने फलक नीट वाचून विचारले की कुंपणाच्या तारेला एवढा खर्च कसा आला. तो प्रश्न आम्ही गावच्या समितीसमोर ठेवला. तार दांगच्या बाजारातून खेचरांवरून आणावी लागली होती, खेचरवाल्याची पावती समितीकडे होती, आणि तिची प्रत बडघराच्या सहीनिशी त्या देणगीदाराकडे गेली.